किती फुटांवर होतात?

पहिल्याच शनिवारी बाईंनी माझा जन्म खोडला.

मी घरून चांगली चार पानं लिहून नेली होती. सुवाच्य अक्षर, डावीकडे समास, वर ‘श्री’. पहिलं वाक्य होतं, ‘माझा जन्म घोडपदेवच्या एका चाळीत, एका गरीब पण स्वाभिमानी कुटुंबात झाला.’ बाईंनी पेन्सिल उचलली आणि ते वाक्य या टोकापासून त्या टोकापर्यंत खोडलं. समासात एकच अक्षर लिहिलं, ‘ऐ.’

“ऐ म्हणजे काय?” मी विचारलं.

“ऐकीव.”

“अहो, पण जन्म माझाच आहे ना!”

“असेल. तुम्ही तिथे हजर होतात, पण साक्ष द्यायच्या स्थितीत नव्हतात. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली पहिली गोष्ट कुठली, तिथून सुरू करा.”

वर्गातले सगळे हसले. माझं टाळकं सरकलं. मी आधीच तोंडाची फटकळ, त्यात सगळी नोकरी एका कचेरीत काउंटरच्या मागे बसून गेलेली. लोकांचे अर्ज परत करायची सवय मला, माझा अर्ज कोणी परत करायची नाही. मनात म्हटलं, ही कोण लागून गेली! पुढच्या शनिवारी यायचंच नाही. आणि पुढच्या शनिवारी पावणेतीनलाच जाऊन बसले.

दादरच्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर हा वर्ग चालायचा. खाली जिन्यापाशी पुठ्ठा लावलेला होता, ‘आत्मकथन कसे लिहावे. नवोदितांसाठी.’ नवोदित म्हणजे आम्ही दहा-बारा जण, सगळे साठीच्या अलीकडचे-पलीकडचे, निवृत्त, गुडघे धरून जिना चढणारे. बाई पंचाहत्तरीच्या होत्या. उंच, काटकुळ्या, कायम फिक्या रंगाची सुती साडी, आणि पर्समध्ये दोन्ही बाजूंनी टोक केलेल्या पाच-सहा पेन्सिली. त्या लेखिका नव्हत्या. त्यांच्या नावावर एक ओळ छापलेली नव्हती. आख्खी नोकरी त्यांनी कोर्टात स्टेनो म्हणून केली होती. साक्षीदार बोलणार आणि बाई लिहून घेणार, एवढंच आयुष्यभर.

वर्गसुद्धा त्या तसाच चालवायच्या. आधी लिहायचं नाही, आधी सांगायचं. खोलीत वेताची एक जुनी खुर्ची होती, तिच्यावर कोणी बसायचं नाही. सांगणाऱ्याने तिच्या मागे उभं राहायचं, दोन्ही हातांनी तिची पाठ धरायची आणि बोलायचं. बाई भिंतीकडे तोंड करून शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायच्या. सांगणाऱ्याकडे एकदाही बघायच्या नाहीत. मी एकदा विचारलं, असं का? म्हणाल्या, “तोंड बघून लिहिलं की दया येते. दया आली की चूक होते.” पुढच्या आठवड्यात त्या टाइप केलेला कागद हातात द्यायच्या. अर्धा तास बोललेल्या माणसाच्या हातात आठ-नऊ ओळी. बाकीचं सगळं गाळलेलं.

आणि प्रश्न! बाप रे, काय प्रश्न असायचे. दार कुठल्या बाजूला होतं? उजेड कुठून येत होता? तुमच्या हातात त्या वेळी काय होतं? आणि सगळ्यांत आवडता, “किती फुटांवर होतात?” कुणी म्हणालं की वडील गेले तेव्हा मी जवळच होतो, की बाई लगेच, “जवळ म्हणजे किती फुटांवर?” माणूस आधी चिडायचा. मग डोळे मिटून मोजायचा. आणि मोजता मोजता त्याचा आवाज बदलायचा, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

आमच्यात एक बँकेतले साहेब होते. तीनशे पानं लिहून आणली होती त्यांनी, बाइंडिंग करून. प्रत्येक पानावर संघर्ष. बाईंनी मधलंच एक पान उघडून विचारलं, “इथे लिहिलंय, संघर्षाचे दिवस होते. त्यातला एक दिवस सांगा. सकाळी उठून काय केलंत?”

साहेब गडबडले. “म्हणजे असं… स्टोव्ह पेटत नव्हता.”

“मग?”

“मग मी त्याला लाथ मारली.”

“घरात कोण होतं?”

“मिसेस.”

“त्या किती फुटांवर होत्या?”

साहेबांनी खुर्ची घट्ट धरली. मग म्हणाले, “समोरच बसली होती. पिन मारत होती स्टोव्हला. तिच्या हाताला लागली लाथ.” तीनशे पानांत बायकोचं नाव दोनदा आलं होतं, एकदा लग्नात आणि एकदा तिच्या शेवटच्या आजारपणात. बाईंनी ते बाड त्यांना परत दिलं आणि म्हणाल्या, “ही नऊ ओळींची साक्ष ठेवा. बाकीचं भाषण आहे.”

विशेषणांचा त्यांना मनापासून तिटकारा. ‘माझी प्रेमळ आई’ असं लिहिलं की ‘प्रेमळ’वर काट. “विशेषण म्हणजे वकील. जी गोष्ट स्वतः उभी राहून बोलू शकत नाही तिला वकील लागतो. आईने काय केलं ते सांगा, प्रेमळ होती की नाही ते साहेब ठरवतील.” साहेब म्हणजे वाचक. वाचकाला त्या कायम साहेबच म्हणायच्या. “स्वतःची सुटका स्वतः करायची नाही, आणि स्वतःला फाशीही द्यायची नाही. दोन्ही कामं साहेबांची आहेत. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. पाहिलं नसेल तर ओळ कोरी सोडा. कोरी ओळ खोटी नसते.”

बाजारातही तेच. एकदा गिरगावात त्यांच्याबरोबर भाजी घ्यायला गेले होते. भाजीवाली म्हणाली, “घ्या ताई, मेथी आज सकाळचीच काढलेली हाय.” बाईंनी शांतपणे विचारलं, “तुम्ही काढताना पाहिलीत?” तिने हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, “न्हाई ओ, आमचा भायखळ्याचा माणूस सांगतो.” “बरं,” बाई म्हणाल्या आणि दोन जुड्या घेतल्या. खरं सांगितल्याबद्दल असाव्यात, कारण मेथी चांगलीच सुकलेली होती.

आता मी त्या वर्गात का गेले ते सांगायला हवं.

आईमुळे. आई आणि मी, आम्ही दोघीच राहतो, परळला. घोडपदेवची चाळ पडली, तिच्या बदल्यात मिळालेली जागा आहे. आई ऐंशीच्या पुढे गेली आहे, गुडघे गेलेत, बाकी तल्लख. तिची एक खोड आहे, ती कधी पाठ टेकून बसत नाही. खुर्चीत असो, पलंगावर असो, ताठ. डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, उशा आणून दिल्या. काही उपयोग नाही.

मला एक मोठा भाऊ होता, दादा. सत्ताविसाव्या वर्षी गेला. मी तेव्हा चोवीसची. गेल्या वर्षी आईने एकाएकी धरलं, “त्येच्या नावाचा कायतरी ऱ्हवांदे गो. चार पानांचा पुस्तक काढ. फोटो घाल. गावाकडच्यांका वाटूया.” आई माझ्याशी एरवी मुंबईचं मराठी बोलते, पण आतलं काही असलं की मालवणी येते. तिला दादाची आठवण छापून हवी होती. छान, चार जणांना दाखवण्यासारखी. मी हो म्हटलं, आणि लिहायला बसल्यावर कळलं की आपल्याला लिहिता येत नाही.

दादा कसा गेला ते आमच्या घरी ठरलेलं होतं. गणपतीचे दिवस. आमच्या माळ्यावरचे झाडून सगळे गावाला गेलेले. माझी नोकरी पक्की झाली म्हणून आई आणि मी पेढे घेऊन प्रभादेवीला देवळात गेलो होतो. दुपारपासून रांगेत. आम्ही नसताना दादा घरी आला, दाराला कुलूप, आणि दारातच छातीत कळ येऊन पडला. आम्ही संध्याकाळी परतलो तर खालचा इस्त्रीवाला आणि आणखी दोघं-तिघं त्याच्याभोवती उभे. पस्तीस वर्षं आई हे सांगत आली आहे. रांग कुठपर्यंत होती, पुढे कोण बाई उभी होती, सगळं. मीही मान हलवत आले आहे.

वर्गात मी तेच सांगितलं. खुर्चीची पाठ धरून, छान ठरल्याप्रमाणे. पेढे सांगितले, रांग सांगितली. मग म्हटलं, “तेवढ्यात दादा घरी आला. आधी त्याने कडी वाजवली. मग तळहाताने दार वाजवलं. मग नुसताच दार घासल्यासारखा आवाज आला, खालपर्यंत.”

भिंतीकडे तोंड केलेल्या बाईंची पेन्सिल थांबली.

“तुम्ही कुठे होतात?”

“देवळात. प्रभादेवीला.”

“घोडपदेव कुठे, प्रभादेवी कुठे. दार घासल्याचा आवाज कोणी ऐकला?”

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. पस्तीस वर्षांत पोलिसांना कळलं नाही, नातेवाइकांना कळलं नाही. आणि मी स्वतःच्या तोंडाने सांगून मोकळी झाले होते.

बाईंनी वही मिटली. “आज चहा आधी घेऊ,” त्या म्हणाल्या. वर्ग संपल्याशिवाय त्यांनी कधी कोणाला चहा घेऊ दिला नव्हता. सगळे उठले. माझ्या जवळून जाताना, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “बुधवारी दुपारी घरी या. एकट्या.”

गिरगावात तिसऱ्या माळ्यावर त्यांची एक खोली होती. लग्न केलेलं नव्हतं. खोलीत पलंग, टाइपरायटर, एक खुर्ची आणि भिंतीच्या कडेने वह्याच वह्या, सुतळीने बांधलेल्या. मी पुन्हा खुर्ची धरून उभी राहिले. त्या पुन्हा भिंतीकडे वळल्या.

“दार आतून बंद होतं की बाहेरून?”

“आतून.”

आणि मग सगळं बाहेर आलं. दादा प्यायचा. नोकरी सुटल्यापासून जास्तच. आदल्या आठवड्यात त्याने आईवर हात उचलला होता, तिच्या कानातून रक्त आलं होतं. त्या रविवारी आईने मला शपथ घातली, आज तो आला तर दार उघडायचं नाही. तो आला, भर दुपारी. कडी वाजवली. “आई, उघड,” म्हणाला. आम्ही उघडलं नाही. आमच्या माळ्यावर तर चिटपाखरू नव्हतं. मी मोरीत जाऊन बसले आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला काढली. आवाज ऐकू नये म्हणून.

“किती वेळ वाजवत होता?”

“माहीत नाही. भांडी तीनदा घासून झाली.”

“आई कुठे होत्या?”

“आत.”

“आत कुठे?”

“माहीत नाही. मोरीची भिंत मध्ये होती. मला दिसत नव्हती.”

“मग ती ओळ कोरी सोडते. पुढे.”

पुढे आवाज थांबला. बऱ्याच वेळाने मी बाहेर आले तेव्हा आई चपला घालून उभी होती, हातात पेढ्यांचा पुडा. “चल,” म्हणाली. तिने दार उघडलं. दादा उंबऱ्याला लागून आडवा पडला होता, तोंड भिंतीकडे. तो तसा कितीदा पडलेला असायचा. आम्हाला वाटलं, प्यायलाय.

“तुम्ही किती फुटांवर होतात?”

“फूट नाही हो बाई,” मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. “मी त्याला ओलांडलं. आधी आईने ओलांडलं, मग मी. साडी वर धरून. मग आईने कुलूप लावलं आणि आम्ही देवळात गेलो.”

आमच्यात झोपलेल्या माणसालाही ओलांडत नाहीत. लहान मूल वाटेत पडलं असेल तर वळसा घालतात. चुकून ओलांडलं तर परत उलटं ओलांडायला लावतात. आम्ही परत आलो तेव्हा परत ओलांडायला तो राहिला नव्हता. हॉस्पिटलात म्हणाले, दारूचा थेंब नव्हता पोटात. हृदय बंद पडलं.

बाईंनी मला रडू दिलं. पाणी दिलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. मी गप्प झाल्यावर विचारलं, “ओलांडलं तेव्हा श्वास चालू होता?”

मला त्यांचा इतका संताप आला! वाटलं, खुर्ची उचलून डोक्यात घालावी. हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते आणि दुसऱ्या कोणी विचारू नये म्हणून पस्तीस वर्षं देवळाच्या रांगेत उभी आहे.

“पाहिलं नाही,” मी म्हटलं.

“मग तसंच लिहा. ‘पाहिलं नाही.’ त्याच्या पुढे-मागे काही नको.”

त्या वळल्या तेव्हा त्यांचे डोळे कोरडेच होते. पेन्सिल खाली ठेवून म्हणाल्या, “हे मी टाइप करणार नाही. वही माझ्याकडे राहील. तुम्ही मागाल त्या दिवशी करीन. आणि ती कोरी ओळ तुमची नाही. ज्यांची आहे त्यांना विचारा. हयात आहेत ना?”

“आहे. पण मी नाही विचारू शकत. मरेल ती.”

“हे तुमचं मत झालं,” बाई म्हणाल्या.

मग त्यांनी चहा केला आणि त्या एकाच दुपारी स्वतःबद्दल काहीतरी सांगितलं. उभ्याने, खुर्चीची पाठ धरून. म्हणाल्या, कोर्टात साक्षीदार मराठीत बोलायचा, आणि जज्जसाहेब त्याचं इंग्रजी करून स्टेनोला सांगायचे. साहेब सांगतील ते कागदावर. एकदा एक शेजारीण साक्षीला उभी होती. शेजारची सून जळून मेली होती, नवरा आरोपी. वकिलाने विचारलं, त्या दिवशी ओरडणं ऐकलंत का? ती बाई म्हणाली, “ऐकलं. पण ते रोजचंच होतं.” साहेबांनी इंग्रजीत सांगितलं, वेगळा असा काही आवाज ऐकू आला नाही. बाईंनी मान वर करून साहेबांकडे बघितलं. साहेबांचं लक्ष घड्याळाकडे होतं. बाईंनी मान खाली घातली आणि लिहिलं.

“नवरा सुटला,” त्या म्हणाल्या. “त्या एका वाक्याने तो अडकला असता असं मी म्हणणार नाही. ते माझं मत झालं. पण वाक्य मी ऐकलं होतं. सात फुटांवरून. ‘रोजचंच होतं’ हे दोन शब्द मी गाळले.”

त्या दिवसापासून त्या मागच्या पानावर माणसांचं खरं बोलणं उतरवून ठेवू लागल्या, स्वतःच्या शॉर्टहँडमध्ये. भिंतीकडेच्या वह्या त्याच. मी विचारलं, “हे कोणाला वाचता येईल?” म्हणाल्या, “मला.”

माझी हिंमत झाली नाही. एक शनिवार गेला, दुसरा गेला, चार महिने गेले. बाईंनी एकदाही आठवण करून दिली नाही. मी इतरांचं ऐकत राहिले. घरी आई विचारायची, “झाला काय गो पुस्तक?” आणि मी म्हणायचे, होतंय, चांगलं व्हायला वेळ लागतो.

मग एका शनिवारी बाई आल्या नाहीत. अर्धांगवायूचा झटका. मी हॉस्पिटलात गेले तर उजवी बाजू गेलेली आणि वाचा बंद. मला बघून त्यांनी डावा हात उचलला आणि भेटायला येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या लोखंडी खुर्चीकडे बोट केलं. मी बसायला गेले. त्यांनी मान हलवली, नाही. मग माझ्या लक्षात आलं. मी उठून खुर्चीच्या मागे गेले, तिची पाठ धरली.

“बाई, मी आईला अजून विचारलेलं नाही,” मी म्हटलं.

त्या डाव्या हाताच्या बोटाने चादरीवर काहीतरी काढत राहिल्या. रेघ, बाक, ठिपका. ते काय होतं मला कळलं नाही, आणि कळलं असं मी म्हणणारही नाही. अकरा दिवसांनी त्या गेल्या.

बारावं-तेरावं उरकल्यावर मी गिरगावात गेले. खोली रिकामी, भिंतीला चुना लावायचं काम चालू. बाईंचा डोंबिवलीचा पुतण्या होता. वह्यांचं विचारलं तर म्हणाला, “त्या होय? रद्दीत दिल्या ओ. कुणाला वाचता येत होतं? नुसत्या मुंग्यांच्या रांगा.” मी त्याला नको नको ते बोलले. तो माणूस बिचारा हातात झाडू घेऊन ऐकत उभा राहिला. पण जिना उतरताना मला काय वाटलं ते सांगते, कारण बाईंनी तेवढं शिकवलंय. मला सुटल्यासारखं वाटलं. माझी कबुली रद्दीत गेली होती. जगात तिचा आता एकही कागद नव्हता, एकही साक्षीदार नव्हता.

दोन दिवसांत मी पुस्तिका लिहून काढली. दादा, त्याचं कबड्डी खेळणं, पेढे, प्रभादेवीची रांग, दाराला कुलूप. कडीचा आवाज नाही, घासल्याचा आवाज नाही. फोटो निवडला. छापखान्यात द्यायच्या आधी आई म्हणाली, एकदा वाचून दाखव.

ती पलंगावर ताठ बसली, नेहमीसारखी. मी वाचायला लागले. कबड्डीपाशी तिने पदर डोळ्यांना लावला. मी पान उलटलं. ‘त्या दिवशी दुपारपासून आई आणि मी देवळात होतो.’

मला पुढे वाचता येईना. समासात काही नव्हतं, पण मला ते ‘ऐ’ अक्षर दिसत होतं. तेही नाही, ऐकीवसुद्धा नव्हतं हे. ऐकीव निदान कुणाकडून तरी आलेलं असतं.

“वाच मगे,” आई म्हणाली.

“आई, हे खोटं आहे,” मी म्हटलं. “आपण घरात होतो.”

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचं टुंईटुंई चाललं होतं. ते थांबल्यावर आईने विचारलं,

“कोणाक सांगितलंस?”

“वर्गातल्या बाईंना. त्या वारल्या. त्यांची वहीसुद्धा गेली. आता कुणालाच माहीत नाही.”

“मग कित्याक उकरतंस?”

“मला माझं माहीत आहे. मी मोरीत होते, भांडी घासत होते. तेवढं मी लिहीन. पण माझ्या कागदावर एक ओळ कोरी आहे, आई. तू कुठे होतीस?”

मला वाटलं ती रडेल. किंवा शिव्या घालेल, बाहेर जा म्हणेल. छातीला हात लावेल, आणि मग मी आयुष्यात दुसऱ्यांदा… नको. ती पलंगावरून पाय खाली सोडून बसली. मग हळूहळू उभी राहिली. गुडघ्यांमुळे तिला आधाराशिवाय उभं राहता येत नाही. समोर खुर्ची होती, तिची पाठ तिने दोन्ही हातांनी धरली.

मी पेन्सिल घेतली. तिच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून भिंतीकडे वळले.

“किती फुटांवर होतीस?” मी विचारलं.

“फूट खंयचो,” आई म्हणाली. “कडी ढिली होती आपली. त्येना जोरात धक्को दिल्यान असतो तर निघाली असती. म्हणान मी खाली बसलंय, दाराक पाठ लावन. तो वाजवी तो प्रत्येक धक्को माझ्या पाठीत लागत होतो. मगे तो थांबलो. तरी मी उठाक नाय.”